जॉन रस्किन : एक वेडा पीर

(द्वितीय वर्ष, कला)

एखादा माणूस चारचौघांसारखा वागेनासा झाला की आपण त्याला 'वेडा' म्हणून मोकळे होतो. त्यात एक मोठी सोय असते. माणूस वेडा ठरला की त्याने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देण्याची जबाबदारी आपल्यावर राहत नाही. जॉन रस्किन या इंग्रज कलासमीक्षकाच्या बाबतीत नेमके हेच झाले. तो चित्रांवर आणि इमारतींवर लिहीत होता तोवर इंग्लंडने त्याला डोक्यावर घेतले. पुढे त्याची लेखणी मजुरांच्या मजुरीकडे वळली, तेव्हा त्याच लोकांनी 'याचे डोके फिरले' असा निकाल दिला. मला मात्र वाटते की चित्रांविषयी लिहिताना आणि मजुरीविषयी लिहिताना तो एकच प्रश्न विचारत होता. तो प्रश्न आपण महाविद्यालयातल्या मुलामुलींनीही स्वतःला विचारण्याजोगा आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

रस्किनची आणि माझी पहिली भेट गांधीजींच्या आत्मचरित्रात झाली. १९०४ साली गांधीजी जोहान्सबर्गहून दरबानला निघाले असता पोलॉक या त्यांच्या स्नेह्याने स्टेशनवर त्यांच्या हाती एक पुस्तक दिले. प्रवास चोवीस तासांचा होता. गांधीजींनी पुस्तक हाती घेतले ते खाली ठेवलेच नाही, रात्री झोपही आली नाही आणि सकाळपर्यंत आयुष्य बदलण्याचा निश्चय झाला. त्या निश्चयातूनच फिनिक्सची वसाहत उभी राहिली. ते पुस्तक म्हणजे रस्किनचे 'अन्टू धिस लास्ट'. १९०८ साली गांधीजींनी त्याचे सार गुजरातीत उतरवले आणि त्याला नाव दिले 'सर्वोदय'. हा शब्द ऐकला की आपल्याला विनोबा आठवतात, १९५१ साली सुरू झालेली भूदान यात्रा आठवते. त्या शब्दाचे एक मूळ कुणा इंग्रज कलासमीक्षकाच्या चार निबंधांत आहे, हे वाचून मी चकित झालो. चित्रांवर लिहिणाऱ्या माणसाला मजुरीवर लिहिण्याची गरज का पडावी?

या कुतूहलाला एक घरगुती कारणही आहे. माझे वडील पाथरवट. पाटे-वरवंटे, जाती, उखळे घडवून आठवड्याच्या बाजारी विकणे हा आमच्या घरचा पिढीजात धंदा. घरोघरी मिक्सर आले, धंदा बसला आणि आबा खडीच्या क्रशरवर रोजाने जाऊ लागले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिला. मला कॉलेजात घालताना आबा एवढेच म्हणाले होते, "तू पेन धर. छिन्नी माझ्यासंगं संपू दे." त्या वाक्याचा मला अभिमान वाटावा की वाईट वाटावे, हे तेव्हा कळले नव्हते. रस्किन वाचताना ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवू लागले.

रस्किनचा जन्म ८ फेब्रुवारी १८१९ रोजी लंडनमध्ये झाला. वडील शेरी नावाच्या मद्याचे धनाढ्य व्यापारी. आई कमालीची धर्मनिष्ठ. एकुलत्या एका मुलाला खेळणी जवळजवळ नव्हतीच. आईच्या देखरेखीखाली रोज बायबलचे मोठ्याने वाचन आणि उतारेच्या उतारे पाठ करणे, हे त्याचे बालपण. तो ऑक्सफर्डला शिकायला गेला तर आईही मागोमाग तिथे बिऱ्हाड करून राहिली! आज आपल्या वसतिगृहात असे कुणाचे झाले तर त्याचे काय हाल होतील, याची कल्पनाच केलेली बरी.

याच विद्यार्थिदशेत त्याचा आणि आपल्या मुलखाचा एक गमतीदार संबंध आला. ऑक्सफर्डमध्ये न्यूडिगेट नावाचे काव्यस्पर्धेचे पारितोषिक असते. १८३९ साली स्पर्धेचा विषय होता 'साल्सेट आणि एलिफंटा', म्हणजे आपली साष्टी आणि घारापुरी. वीस वर्षांच्या रस्किनने ते पारितोषिक पटकावले आणि समारंभात ती कविता वाचून दाखवली, तेव्हा श्रोत्यांत साक्षात वर्ड्‌स्वर्थ होता. कवीने मात्र घारापुरी कधी पाहिली नव्हती. पुढे एक्क्याऐंशी वर्षे पुरी होत आली तोवर तो जगला, पण हिंदुस्थानात कधी आला नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचा हिशेब मी पुढे मांडणार आहे.

टर्नर या चित्रकाराची टीकाकार टवाळी करीत, ती सहन न होऊन रस्किनने वयाच्या चोविसाव्या वर्षी 'मॉडर्न पेंटर्स'चा पहिला खंड काढला. साल १८४३. पुस्तकावर स्वतःचे नाव न घालता 'ऑक्सफर्डचा एक पदवीधर' एवढेच छापले. टर्नरचे समर्थन करायला निघालेले ते पुस्तक १८६० पर्यंत पाच खंडांचे झाले. मेघ कसे असतात, डोंगराची धार कशी उतरते, झाडाची फांदी कशी फुटते, हे सारे त्याने त्यात तपासले. चित्रकाराने निसर्ग प्रामाणिकपणे पाहिला आहे की नाही, ही त्याची कसोटी. त्यासाठी आधी समीक्षकाने स्वतः पाहिले पाहिजे, असा त्याचा आग्रह होता.

मग तो व्हेनिसला गेला. तिथल्या जुन्या वाड्यांचे खांब, कमानी, शिरोभाग त्याने शिड्या लावून मोजले, रेखाटले आणि वह्याच्या वह्या भरल्या. त्यातून १८५१ ते १८५३ या काळात 'द स्टोन्स ऑफ व्हेनिस'चे तीन खंड निघाले. त्यातले गॉथिक शैलीवरचे प्रकरण हा माझ्या मते रस्किनच्या साऱ्या विचारांचा गाभा आहे. गॉथिक प्रार्थनामंदिरांवरची कित्येक शिल्पे वेडीवाकडी असतात, प्रमाण चुकलेले असते. रस्किन म्हणतो, त्यांना हसू नका. ज्या कारागिराने ती घडवली त्याला स्वतःच्या बुद्धीने घडवण्याची मोकळीक होती, याची ती खूण आहे. उलट आपल्या दिवाणखान्यातल्या गुळगुळीत, एकासारख्या एक वस्तूंकडे पाहा. त्या घडवणाऱ्याला विचार करण्याची मनाई होती. काचेच्या मण्यांचे त्याने दिलेले उदाहरण तर विसरता येत नाही. काचेच्या कांडीचे तुकडे पाडणारे मजूर दिवसभर एकच हालचाल करतात, हात सतत थरथरत असतो, त्यात ना कल्पना ना कौशल्य. असे मणी हौसेने विकत घेणारी तरुणी गुलामांच्या व्यापाराला हातभार लावते, असे तो बेधडक लिहितो. एकाने फक्त विचार करावा आणि दुसऱ्याने फक्त राबावे, अशी वाटणी केली की दोघेही बिघडतात, असे त्याचे मत. 'द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर' या १८४९ च्या पुस्तकात त्याने नक्षीकामाविषयी एकच कसोटी सांगितली होती : घडवणारा माणूस घडवताना आनंदात होता का?

मित्रहो, हाच तो प्रश्न. तो एकदा विचारला की समीक्षक चित्राच्या चौकटीत राहू शकत नाही. हात आनंदात होता का, हे विचारल्यावर त्या हाताला मजुरी किती मिळाली, त्याच्या पोराबाळांनी काय खाल्ले, हे ओघानेच येते. १८६० साली 'कॉर्नहिल मॅगझिन'मध्ये रस्किनने अर्थशास्त्रावर निबंध लिहायला घेतले ते यामुळे. द्राक्षमळ्यात दिवस मावळताना कामावर आलेल्या मजुरालाही धन्याने सकाळी आलेल्याइतकीच मजुरी दिली, या बायबलातल्या दृष्टान्तावरून पुस्तकाचे नाव आले आहे. मजूर म्हणजे बाजारातला माल नव्हे. देशाची खरी संपत्ती तिजोरीत मोजायची नसते, तिथली माणसे किती आणि कशी जगतात यावर ती मोजायची असते, असा त्याचा सिद्धान्त. वाचक इतके खवळले की संपादक थॅकरे याला चार निबंधांनंतर मालिका बंद करावी लागली.

यानंतर रस्किनचे जे 'वेडेपण' सुरू झाले त्याच्या कथा मोठ्या रंजक आहेत. १८६४ साली वडील वारल्यावर लाखाहून अधिक पौंड त्याच्या हाती आले. ते तो वाटतच सुटला. १८७४ साली गरिबांना भेसळ नसलेला चहा मिळावा म्हणून त्याने लंडनमध्ये चहापत्तीचे दुकान उघडले आणि आईच्या दोन जुन्या मोलकरणींना तिथे बसवले. दुकान चालले नाही. रस्ते झाडण्यासाठी त्याने पदरच्या पैशाने माणसे नेमली. आगगाडीचा त्याला इतका तिटकारा की १८७६ साली खास घोडागाडी बांधून घेऊन तो उत्तरेकडच्या सरोवरांच्या प्रदेशात प्रवासाला निघाला. तिथले ब्रँटवुड नावाचे घर तर त्याने १८७१ साली न पाहताच विकत घेतले होते. इंग्लंडच्या कामगारांना उद्देशून तो पत्रे छापीत असे; १८७१ ते १८८४ या काळात अशी शहाण्णव पत्रे निघाली. १८८४ साली त्याने भर सभेत सांगितले की आकाशात पूर्वी नव्हता असा काळपट, रोगट ढग आणि वारा आला आहे. लोकांनी ते भ्रमिष्टाचे बोलणे मानले. कारखान्यांच्या धुराने हवा नासते, हे आज शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे.

पण सर्वांत गाजला तो हिंक्सीचा रस्ता. तेव्हा रस्किन ऑक्सफर्डला ललितकलेचा प्राध्यापक होता. १८७४ साली त्याने आपल्या विद्यार्थ्यांना सांगितले, खेळात दमता तसे लोकोपयोगी कामात दमा. जवळच्या हिंक्सी गावचा रस्ता बांधा. सरदार-सावकारांची मुले कुदळ-फावडी घेऊन चिखलात उतरली. त्यांत पुढे नाटककार म्हणून गाजलेला ऑस्कर वाइल्डही होता. गावभर हशा पिकला, वर्तमानपत्रांना खाद्य मिळाले. रस्ता काही धड झाला नाही.

हे वाचताना मी हसलो आणि लगेच ओशाळलो. गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आमच्या गटानेही एक रस्ता केला होता. घोषणा दिल्या, फोटो काढले, समारोपाची भाषणे झाली. वळवाच्या पहिल्याच पावसात आम्ही टाकलेला मुरूम ओढ्यात गेला. कारण पाणी कुठून वाहते हे आम्ही त्या वस्तीतल्या एकाही माणसाला विचारले नव्हते. श्रम करायला आम्ही तयार होतो, पण श्रम करणाऱ्याकडून शिकायला तयार नव्हतो. हातात घमेले होते, डोक्यात मात्र आपण यांच्यावर उपकार करतो आहोत हा भाव होता.

घरी आल्यावर मी आबांना रस्किनची गोष्ट सांगितली. त्यांनी निमूट ऐकून घेतली आणि विचारले, "त्या सायबानं सोता कदी खडी फोडली व्हती का?"

मी म्हटले, "हो. रस्त्याचे काम काढले तेव्हा तो इफ्ले टेकडीखाली रस्त्याकडेला बसला. खडी फोडणाऱ्याच्या शेजारी, त्याच्याच ढिगावर बसून दगड कसा फोडायचा ते शिकला. मग विद्यार्थ्यांना शिकवले."

आबा हसले. "बरा मानूस म्हनायचा. पन किती दिस?"

मी गप्प झालो. कारण दगड फोडून झाल्यावर रस्किनला परतायला कॉलेजातल्या खोल्या होत्या, भिंतीवर टर्नरची चित्रे होती. आबांना परतायला क्रशरच होता. आवडीने उचललेला हातोडा आणि पोटासाठी उचललेला हातोडा यांचे वजन सारखे नसते. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, अशी म्हण आपण दगडाविषयी केली. टाकी मारणाऱ्या हाताला पडलेल्या घट्ट्यांविषयी मात्र एकही म्हण मला आठवत नाही.

तेव्हा रस्किनला देव्हाऱ्यात बसवायचे कारण नाही. त्याच्या चुका लहान नव्हत्या. १८७७ साली व्हिसलर या चित्रकाराच्या रात्रीच्या दृश्यावर त्याने असे काही लिहिले की व्हिसलरने अब्रुनुकसानीचा दावा लावला. हा गडी दोनशे गिनी मागतो आणि रंगाचे भांडे लोकांच्या तोंडावर फेकतो, असा टीकेचा सूर होता. १८७८ साली खटला व्हिसलरने जिंकला. भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी! खर्चाने व्हिसलरचे दिवाळे वाजले. चित्राला दोनच दिवस लागले ना, असे उलटतपासणीत विचारले गेले. त्यावर व्हिसलरने सांगितले की किंमत दोन दिवसांची नाही, जन्मभर मिळवलेल्या जाणतेपणाची आहे. इथे माझे मत व्हिसलरच्या बाजूने पडते. पाटा घडवायला आबांना एक दिवस लागे, पण दगडाची शीर ओळखायला वीस वर्षे लागली होती. श्रमाची बाजू घेणाऱ्या रस्किनला हे कळू नये, याचे नवल वाटते.

याहून मोठी चूक आपल्याशी निगडित आहे. १८५७ च्या उठावाच्या बातम्यांनी इंग्लंड पेटलेले असताना, जानेवारी १८५८ मध्ये, रस्किनने लंडनच्या साउथ केन्झिंग्टन येथे व्याख्यान दिले. हिंदी लोकांची कलाकुसर नाजूक आहे, पण लोक क्रूर आहेत. त्यांची कला निसर्गाकडे पाहतच नाही, माणूस काढायचा तर ते अनेक हातांचा राक्षस काढतात, असा त्याचा सूर होता. व्हेनिसचा एक खांब मोजायला शिडी चढणाऱ्या या माणसाने इथली एकही लेणी पाहिली नव्हती. वेरूळचा डोंगर वरून खाली कोरत आणणारा हात आनंदात होता का, हा प्रश्न त्याने विचारलाच नाही. जमेकामध्ये १८६५ साली काळ्या लोकांच्या कत्तली करवणाऱ्या गव्हर्नर आयरचीही त्याने पाठराखण केली. ज्याची कसोटी इतकी माणुसकीची, त्याने ती गोऱ्या हातांपुरती ठेवली! त्याचा हा दोष मी त्याच्याच तराजूत तोलतो आहे. वेगळा तराजू आणण्याची गरज नाही.

गंमत अशी की त्याला उत्तर मुंबईत दगडातच लिहिलेले आहे. आगगाडीच्या स्थानकांवर नक्षी करण्याइतका मूर्खपणा दुसरा नाही, असे रस्किनचे १८४९ मधले मत. त्यानेच नावाजलेल्या व्हेनिसच्या गॉथिक शैलीचा संस्कार घेऊन मुंबईत १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत एक रेल्वे स्थानक उभे राहिले, आणि त्याच्यावर इंचभर जागा नक्षीवाचून सोडायची नाही असाच जणू निश्चय केलेला! तेच तेव्हाचे व्हिक्टोरिया टर्मिनस, आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. २००४ पासून ते जागतिक वारसा आहे. तिथले कोरीवकाम पुष्कळसे जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केले. पाने, फुले, पक्षी, प्राणी. डोळे उघडे ठेवून पाहिलेला निसर्ग. वक्तृत्व स्पर्धेला मुंबईला गेलो तेव्हा मी फलाटावरून बाहेर येऊन अर्धा तास मान वर करून उभा राहिलो. लोक धक्के देऊन जात होते. कोरणाऱ्यांची नावे कुठे दिसली नाहीत.

तिथल्या एका पानाच्या नक्षीचा फोटो मी आबांना दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला. म्हणाले, "आपला काळा पाषान न्हवं ह्यो, मऊ हाय. पन शिरंवर हात बग किती हलका पडलाय. मानूस रंगात आलता." रस्किनचा प्रश्न त्यांना मी सांगितलाही नव्हता. उत्तर मात्र त्यांनी दिले.

मग मी त्यांना एक गोष्ट विचारली, जी इतक्या वर्षांत कधी विचारली नव्हती. आबांच्या प्रत्येक पाट्याच्या कडेला एक बोटभर कमळ कोरलेले असे. गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नसे. बाजारातला व्यापारी तर म्हणे, उगाच वेळ घालवू नका. मग ते का कोरायचे? आबा म्हणाले, "त्येवढंच माजं असायचं. बाकी समदं गिऱ्हाइकाचं."

रस्किनचा शेवट करुण झाला. लग्न १८५४ साली रद्द झाले. उतारवयात, जवळजवळ तीस वर्षांनी लहान असलेल्या मुलीवर जडलेल्या प्रेमाने त्याची दशा केली, आणि ते प्रकरण आज वाचतानाही मन अस्वस्थ होते. १८७८ पासून त्याला खरोखरच मानसिक आजाराचे झटके येऊ लागले आणि अखेरची दहा वर्षे तो जवळजवळ मूक होता. २० जानेवारी १९०० रोजी ब्रँटवुडला त्याचा अंत झाला. वेस्टमिन्स्टर ॲबेत थोरांच्या पंक्तीला जागा देऊ केली होती. पण त्याच्या इच्छेप्रमाणे कॉनिस्टनच्या गावच्या दफनभूमीत त्याला ठेवले. शेवटचा आजार खरा होता, यात शंका नाही. पण त्या आजाराचा आधार घेऊन आधीच्या चाळीस वर्षांचे विचार निकालात काढणे, हा शहाण्यांचा कावा आहे.

गांधीजींनी त्या पुस्तकातून वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचे मोल सारखे, हे घेतले. रस्किनचा साम्राज्याचा अभिमान घेतला नाही. थोरांकडून घ्यावे कसे, याचा हा वस्तुपाठ आहे. आपल्यापैकी पुष्कळजण माझ्यासारखेच घरातले पहिले पदवीधर होणार आहेत. पदवी मिळाली की आपण 'विचार करणाऱ्यां'च्या बाजूला जाणार आणि आपले आईबाप 'राबणाऱ्यां'च्या बाजूला उरणार, अशी वाटणी कुणी न सांगता होऊन जाते. घरी पाहुणे आले की बापाची ओळख करून देताना आपली जीभ अडखळते, ती या वाटणीमुळेच. मीही अडखळलो आहे. हे छापून यावे म्हणूनच लिहितो आहे.

छिन्नी आपल्यासंगे संपू दे, असे आबा म्हणाले होते. क्रशरवरची छाती भरवणारी धूळ संपावी, रोजाची लाचारी संपावी, हे मलाही मान्य आहे. कमळ मात्र संपू नये. परवा सुट्टीत घरी गेलो तेव्हा माळ्यावर पडलेला न विकलेला एक पाटा खाली काढला, धुतला आणि आबांना म्हटले, हे कमळ कसे काढतात ते मला शिकवा. त्यांनी टाकी माझ्या हातात दिली, माझी मूठ धरून घाव कसा घालायचा ते दाखवले. तासाभरात माझ्या तळहाताला दोन फोड आले आणि दगडावर एक वाकडी पाकळी उमटली.

"जमंल," आबा म्हणाले. "पन आदी परीक्षा दे."